रिपोर्टातला आकडा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी पाककृती सांगते, कोणी मुलांच्या संगोपनावर बोलते, कोणी यात्रेची हकिगत सांगते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षे दवाखान्याच्या वाऱ्या केल्यात, त्यावर चार शब्द बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. दौंड माझे माहेर व शिरूर सासर, एवढेच माझे जग. परंतु रांगेत बसल्या बसल्या जे विचारले आणि वहीत टिपून ठेवले, ते आपल्या उपयोगी पडेल असे वाटले म्हणून उभी राहिले आहे. माझे टिपण आपल्या गावच्या डॉक्टरांनी नजरेखालून घातले आहे. ज्यांच्या दुखण्याविषयी मी बोलणार त्या माझ्या थोरल्या जाऊबाई इथेच बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच मी बोलत आहे.

दुखण्याचे नाव लांबलचक आहे : न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी प्रथम ऐकले ते २०१८ च्या मार्च महिन्यात. चित्रपटनट इरफान खान यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे तेव्हा स्वतःच जाहीर केले. ते उपचारासाठी लंडनला गेले आणि २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत वारले. त्यामुळे हे नाव ऐकले की माणसाच्या पोटात गोळाच येतो. पण या एका नावाखाली सौम्य व उग्र असे अनेक प्रकार येतात, आणि कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षे हिंडतेफिरते असतात. जर्मनीत ओबर्नडॉर्फर नावाच्या डॉक्टरांनी १९०७ साली अशा गाठींना 'कार्सिनॉइड' म्हटले, म्हणजे कर्करोगासारख्या दिसणाऱ्या. पुढे कळले की 'सारख्या' नव्हेत, त्याही कर्करोगाच्याच, फक्त बहुधा संथपणे वाढणाऱ्या.

आपल्या शरीरात जागोजागी, आतड्यांत, स्वादुपिंडात, फुप्फुसांत, रस तयार करून रक्तात सोडणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या बिघडल्या की ही गाठ होते. आजार विरळाच आहे. अमेरिकेत १९७३ साली लाखात एखादा रुग्ण नोंदला जाई, तो २०१२ साली लाखात सुमारे सात झाला. तपासणीची साधने सुधारली, म्हणून पूर्वी न कळणारे आता कळू लागले, हे त्या वाढीचे एक मोठे कारण सांगतात.

आपणा बायकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. यातल्या काही गाठी रक्तात असे रस सोडतात की तोंड एकाएकी लालबुंद होते, झळ मारल्यासारखे वाटते, आणि जुलाब काही केल्या थांबत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे सांगितले की घरचे म्हणतात, "पाळी जाण्याचे दिवस आहेत, चालायचेच." जुलाबाला आपण म्हणतो, आव झाली, नाहीतर बाहेरचे खाल्ले. आमच्या जाऊबाईंची दोन वर्षे अशीच पित्ताच्या आणि आवेच्या गोळ्यांत गेली. पाळीच्या झळेला बहुधा घाम सुटतो, या झळेला बहुधा सुटत नाही. प्रत्येक झळ म्हणजे गाठ असे मी मुळीच म्हणत नाही, बहुतेक झळा साध्याच असतात. पण झळ आणि महिनोन् महिने जुलाब अशी जोडी जमली, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्यात. एकीसाठी एका डॉक्टरकडे आणि दुसरीसाठी दुसऱ्याकडे गेलो, तर जोडी कोणालाच दिसत नाही.

जाऊबाईंच्या सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले. सुईने तुकडा काढून तपासला, तेव्हा नाव कळले. त्या तपासणीत केआय-६७ म्हणून एक आकडा येतो. शंभरातल्या किती पेशी वाढीला लागल्या आहेत, हे तो सांगतो. तीनच्या आत पहिली पायरी, तीन ते वीस दुसरी, विसाच्या वर तिसरी. जाऊबाईंचा चार होता. मग डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला, आणि माझ्या आजच्या भाषणाचा खरा विषय इथून सुरू होतो.

हा 'पेट' पोटाचा नव्हे. पॉझिट्रॉन नावाचा एक अतिसूक्ष्म कण असतो, त्यावरून हे नाव पडले. आपल्या देशातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईत परळला आले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर तेथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या जोडइमारतीत आहे, तेथे ते बसले. आता पुण्यातही पेटची सोय झाली आहे, त्यामुळे आपल्याला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही.

हे यंत्र काय करते ते मला समजले तसे सांगते. आपल्या पेशींच्या अंगावर निरनिराळ्या खुंट्या असतात असे समजा. शरीरात सोमाटोस्टॅटिन नावाचा एक रस असतो. तो ठरावीक खुंट्यांना येऊन अडकतो आणि त्या पेशीला 'आता पुरे' असे सांगतो. या गाठींच्या पेशींवर त्याच खुंट्या बहुधा दाटीने असतात. शास्त्रज्ञांनी त्या रसासारखाच एक पदार्थ केला, त्याला डोटाटेट म्हणतात. त्याला गॅलियम-६८ हा किरण देणारा धातू बांधला. म्हणजे खुंटीला अडकवायचा कंदीलच झाला. शिरेतून टोचला की रक्ताबरोबर सगळीकडे फिरतो आणि जिथे खुंट्या तिथे लटकतो. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि दोन किरण बरोबर उलट दिशांना सुटतात. रोगी एका मोठ्या बांगडीसारख्या यंत्रातून आत सरकतो, बांगडीच्या दोन बाजूंना ते किरण एकाच वेळी पोचतात, आणि त्यावरून कंदील कुठे टांगले आहेत हे यंत्र काढते.

हा गॅलियम ६८ मिनिटांत निम्मा होतो, सव्वादोन तासांत पावावर येतो. मग तो साठवणार कसा? त्याची युक्ती ऐकून मला मोठी गंमत वाटली. जर्मेनियम नावाच्या धातूपासून तो सारखा तयार होत असतो, आणि जर्मेनियम निम्मा व्हायला २७१ दिवस लागतात. त्याचे एक भांडे रुग्णालयात ठेवतात आणि त्यातून रोज लागेल तसा गॅलियम काढून घेतात. शास्त्रज्ञसुद्धा त्याला 'दूध काढणे'च म्हणतात. आपल्याकडच्या दुभत्या जनावराप्रमाणे, काढले की काही तासांनी पुन्हा भरते!

आता आकड्याकडे वळते. रिपोर्टात एस.यू.व्ही. म्हणून एक आकडा लिहितात. तो समजण्यासाठी कणकेचे उदाहरण घ्या. कणकेत मीठ घालून नीट मळले तर प्रत्येक घासात मीठ सारखेच लागते. तसे टोचलेले औषध सबंध शरीरात सारखे पसरले, तर प्रत्येक ठिकाणचा आकडा १ येईल. एखाद्या ठिकाणी २० आला, तर त्या ठिकाणी आपल्या वाट्याच्या वीसपट औषध जमले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जाऊबाईंचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्यात यकृतातल्या गाठीपुढे ३२ लिहिले होते. बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की त्यांच्या मेव्हण्याच्या रिपोर्टात ९ होते आणि तो सहा महिन्यांत गेला. झाले! नवाला ही गत, मग बत्तिसाला काय? आमचे थोरले दीर म्हणाले, "आता हिला घरी नेऊ, उगीच जिवाचे हाल नकोत. पैसाही हातात उरला नाही." जाऊबाईंनी काहीच बोलणे केले नाही. घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या आणि कोणता दागिना कोणत्या सुनेचा ते सांगू लागल्या. मी किल्ल्या घेतल्या नाहीत. "डॉक्टरांना एकदा विचारून येऊ, मग काय ते ठरवा," असे म्हणून दोघांनाही घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तो ९ वेगळ्या तपासणीतला होता, हा ३२ वेगळ्या तपासणीतला. ताप शंभर आणि रक्तातली साखर शंभर, यांची तुलना कराल का?" मग त्यांनी समजावले ते असे. पेट स्कॅन एकाच प्रकारचा नसतो. पुष्कळ कर्करोगांत साखरेसारखा एक पदार्थ टोचतात, त्याला एफडीजी म्हणतात. गाठ किती खादाड आहे हे तो दाखवतो. तिथे आकडा मोठा म्हणजे भूक मोठी, गाठ बहुधा उग्र. डोटाटेटच्या तपासणीत भूक मोजत नाहीत, खुंट्या मोजतात. खुंट्या पुष्कळ असणे म्हणजे पेशी अजून आपल्या मूळ स्वभावाला धरून आहे, आणि आपल्याला औषध टांगायला जागा आहे. जाऊबाईंच्या गाठी एफडीजीमध्ये अगदी मंद दिसत होत्या. खुंट्या भरपूर आणि भूक थोडी. ज्या आकड्याने घरात रडारड झाली होती, त्या आकड्यामुळेच उपचाराचे दार उघडले.

हा उपचार म्हणजे काय? खुंटी तीच, डोटाटेट तेच, मात्र कंदिलाऐवजी निखारा. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ बांधतात. तो साडेसहा दिवसांहून थोड्या अधिक काळात निम्मा होतो आणि त्याचे किरण गाठीच्या आसपास एकदोन मिलिमीटरच जातात. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, म्हणजे आपल्याच राज्यात. आठ आठ आठवड्यांच्या अंतराने बहुधा चार वेळा देतात, आणि मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून सोबत शिरेतून दुसरे द्रावण सोडतात. आतड्यातून सुरू झालेल्या गाठींच्या २२९ रुग्णांवर परदेशात केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीस महिन्यांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण हा उपचार घेणाऱ्यांत ६५ टक्के, तर नुसते महिन्याचे इंजेक्शन मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत ११ टक्के होते. मात्र ज्यांच्या खुंट्याच नाहीत त्यांना हा निखारा देऊन उपयोग नाही, म्हणून आधी मोजायचे. मोजणीसाठी रॉटरडॅमच्या डॉक्टर क्रेनिंग यांच्या नावाची पट्टी आहे. गाठ यकृतापेक्षा अधिक उजळ असेल तर तीन गुण, पाणथरीपेक्षाही अधिक असेल तर चार. यकृताहून फिकी असेल, तर हा उपचार सहसा देत नाहीत.

कोणी रिपोर्टाची चित्रे घरी पाहत बसू नये, असे मी सांगेन. निरोगी माणसाचीही पाणथरी आणि मूत्रपिंडे त्यात चमकतात. मेंदूच्या तळाशी असलेली एक बारीक ग्रंथीही चमकते. तो रोग नव्हे.

मैत्रिणींनो, आकडा म्हणजे मोजमाप. मोजमाप खरे ठरायचे तर माप खरे हवे, हे दूध घालणाऱ्या आणि कांदा विकणाऱ्या घरांना मी काय सांगावे! दुसऱ्या स्कॅनच्या वेळची गोष्ट. ते कुठे झाले हे सांगत नाही, कारण कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. टेबलाशी बसलेल्या मुलाने विचारले, "आजींचे वजन?" पुतण्याने जुन्या कागदावरून सांगितले, "अठ्ठावन्न." मी म्हटले, "काट्यावर उभे करा." काट्यावर ५१ भरले. हिशेब असा आहे की त्या आकड्यात वजन गुणलेले असते. जाऊबाईंचा दुसरा आकडा २२ आला. ५८ लिहिले असते तर तोच २५ दिसला असता. गाठ तीच, औषध तेच, फरक नुसता कागदावरचा.

अशा आणखी दोनतीन गोष्टी आहेत. औषध किती वाजता टोचले याची नोंद बिनचूक हवी, कारण गॅलियम बर्फासारखा वितळत असतो. बर्फ केव्हा घेतला हे माहीत नसेल तर आता उरलेल्या तुकड्यावरून मूळ वजन कसे काढणार? टोचताना औषध शिरेबाहेर गेले, तर ते गाठीपर्यंत पोचत नाही आणि आकडा खाली येतो. म्हणून हात दुखला किंवा सुजला, तर लाजून गप्प बसू नये. यंत्र बदलले की आकडाही थोडा बदलतो, दोन दुकानांचे काटे तंतोतंत जुळत नाहीत तसा. शक्यतो त्याच ठिकाणी, तेवढ्याच वेळाने स्कॅन करावा. आणि थोड्याशा फरकाने हर्षही नको, शोकही नको. एफडीजीच्या तपासणीत गाठ खरोखर उतरली असे म्हणायला निदान ३० टक्के घट हवी, असा २००९ सालचा एक नियम आहे.

खुंट्यांच्या तपासणीत आकडा उतरला म्हणजे नेहमी बरेच झाले असेही नाही. गाठ लहान झाली म्हणून तो उतरू शकतो, आणि पेशींनी खुंट्या टाकून दिल्या व त्या अधिक उग्र झाल्या म्हणूनही उतरू शकतो. यासाठी डॉक्टर सीटीतला आकार, रक्ताचे तपास आणि जरूर पडल्यास एफडीजी ही सगळी एकत्र ठेवून पाहतात. जाऊबाईंचा आकडा उतरला तेव्हा गाठींचा आकारही थोडा कमी झाला होता, म्हणून डॉक्टरांनी चांगले म्हटले. रोग गेला असे ते म्हणाले नाहीत. आटोक्यात आहे असे म्हणाले, आणि आम्हाला तेवढे पुष्कळ आहे. या वर्षी आमच्या घरचे गौरींचे फुलोरे जाऊबाईंनीच तळले.

आता चार व्यवहाराच्या सूचना सांगते. एक, सगळे कागद व सीडी एकाच पिशवीत, तारखेवार लावून ठेवा. जुन्या चित्राशेजारी नवे ठेवल्याशिवाय तुलना होत नाही. दोन, एफडीजीसाठी उपाशी राहावे लागते, डोटाटेटसाठी सहसा नाही. आपल्या बायका विचारल्यावाचून निरंकार जातात आणि प्रवासात चक्कर येऊन पडतात, तेव्हा आधी विचारा. तीन, महिन्याचे इंजेक्शन चालू असेल, तर शेवटचे केव्हा घेतले ते तारखेसह सांगा. स्कॅन बहुधा पुढच्या इंजेक्शनच्या आधीच्या दिवसांत ठरवतात. चार, पोटुशी असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर आधीच सांगा. किरणांची भीती मात्र अवास्तव नको. साडेअकरा तासांत तो गॅलियम हजारात एक भागाहूनही कमी उरतो. त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊ नये, एवढे पाळले की झाले. ल्युटेशियम घेतल्यावर मात्र अधिक दिवस जपावे लागते, ते तेथील लोक लिहून देतात.

पैशाचा प्रश्न खराच आहे. आम्हीही कर्ज काढले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात. आपला कोणता बसतो, हे रुग्णालयातल्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी विचारावे. परळला जाणाऱ्या दौंडच्या भगिनींना दादरपर्यंत थेट गाडी आहे. आपण शिरूरकरांनी एस.टी.ने पुणे गाठावे आणि पुढे रेल्वे धरावी. आपल्या मंडळाने एक काम हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे. ज्या घरात असे दुखणे आहे, तेथे एका सभासदाने सोबत म्हणून जावे, वही-पेन्सिल घेऊन जावे, आणि डॉक्टर बोलतील ते लिहून आणावे. रोग्याच्या माणसाला त्या वेळी ऐकू येते, पण समजत नाही. शेजारणीला समजते.

शिकलेले असो वा नसो, आपण बाजारात काटा पारखून घेतो, दुधाचे माप पारखून घेतो. रिपोर्टातला आकडाही तसाच पारखून घ्यावा. कशाचा आहे, कोणत्या मापाने घेतला, आणि त्याचा अर्थ काय, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज कोणी त्या आकड्यावरून आपल्या माणसाच्या आयुष्याचा निकाल लावू नये.